उजव्या बाजूची खुर्ची

१४ जानेवारी

धाकटीस,

हे पत्र एका माहितीसाठी लिहीत आहे. चार ओळींत उत्तर दिलंस तरी चालेल.

गेल्या मंगळवारी सकाळी मी केस विंचरत होते. तेवढ्यात खाली सुऱ्यांना धार लावणारा आला आणि त्यानं चाक फिरवायला सुरुवात केली. सव्वासहा वाजता. मी खिडकी उघडली आणि हातात फणी तशीच धरून त्याला खडसावलं, "अहो, लोक झोपलेत. काही काळवेळ आहे की नाही?" रस्त्यावर कुणी नव्हतं. एक मांजर होतं, ते माझ्याकडे बघून निघून गेलं. खिडकी लावली तरी चाक फिरतच होतं. डाव्या कानावर हात दाबला तर आणखी जोरात. तेव्हा कळलं की धारवाला आत आहे.

आज आठवा दिवस. तो थांबत नाही, सुट्टी घेत नाही, जेवायला उठत नाही. इतका नेटका कामगार मला एकतीस वर्षांत मिळाला नाही.

काल कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. "पहिल्याच दिवशी का आला नाहीत?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मोठी ऑर्डर होती. त्यांनी मला टेलिफोन बूथएवढ्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. डाव्या कानाच्या वेळी मी दोन-तीनदा अंदाजानं दाबलं. त्यांनी बाहेरून काचेवर टकटक केलं आणि म्हणाल्या, "मावशी, परीक्षेत कॉपी चालत नाही." मला मावशी म्हणायचा हक्क असलेली एकच मुलगी आहे, आणि तिला मी नऊ वर्षांत पाहिलेलं नाही. पण ते त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

तपासणीत निघालं ते असं : डाव्या कानाचे बारीक, उंच सूर गेले आहेत, आणि मेंदू त्या रिकाम्या जागेत आपला स्वतःचा आवाज भरतो आहे. गोळ्या दिल्या आहेत. उशीर झाल्यामुळे कान परत येईलच असं नाही. मग त्यांनी विचारलं, काम काय करता? मी म्हटलं, चिनी मातीच्या कारखान्यात भट्टीतून निघालेली भांडी वाजवून बघते. चांगलं भांडं खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द. डोळ्याला न दिसणारा तडा कानाला कळतो. "अरे वा," असं म्हणून त्या कागदावर लिहीत राहिल्या. ते लिहिणं मला आवडलं नाही.

शेवटी त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं झालंय का?" मी म्हटलं, नाही. उठले, पिशवी घेतली, जिना उतरले. पहिल्या मजल्यापर्यंत आले आणि परत वर गेले. आत दुसरा पेशंट होता. चाळीस मिनिटं बसून राहिले. मग दारातूनच सांगितलं, "धाकट्या बहिणीला झालं होतं. नऊ वर्षांपूर्वी. रातकिड्यासारखा आवाज होता."

"मग आता कसा आहे?"

"माहीत नाही."

"विचारा की."

म्हणून विचारते आहे. तुझ्या कोणत्या कानात होता? किती दिवस टिकला? तू काय केलंस? की अजून आहे?

कारखान्यात सगळं ठीक.

तुझी थोरली बहीण


२२ जानेवारी

धाकटीस,

उत्तर आलेलं नाही. पत्ता चुकला असेल म्हणून मी खालच्या मजल्यावरच्या रिटायर्ड पोस्टमास्तरांना दाखवला. ते म्हणाले, पत्ता अगदी बरोबर आहे, चूक असलीच तर ती पत्त्यात नसेल. या माणसाला फार बोलायची सवय आहे.

हे तेच गृहस्थ. त्यांच्या रेडिओवरून मी अकरा वर्षं भांडते आहे. घरमालकाकडे तीन वेळा लेखी तक्रार केली होती. आता डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे की अगदी शांत खोलीत बसायचं नाही, मागे काहीतरी बारीकसा आवाज असू द्यायचा, म्हणजे चाकाचा जोर कमी वाटतो. माझ्या दोन खोल्यांत काहीच वाजत नाही. घड्याळसुद्धा मी मुद्दाम बिनआवाजाचं घेतलं होतं. तेव्हा परवा संध्याकाळी मी खाली गेले आणि दार वाजवलं. मला बघताच ते आत वळले आणि म्हणाले, "करतो, करतो बारीक."

"नको. थोडा मोठा करा."

ते दारात तसेच उभे राहिले. "बाई, तुमची तब्येत बरी आहे ना?"

मग सांगावं लागलं. डॉक्टरीणबाई आणि तू सोडून, कारखान्याबाहेर सांगितलेला हा पहिला माणूस. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, आत गेले आणि रेडिओ टेबलावरून उचलून कपाटावर ठेवला. माझ्या जमिनीच्या तेवढा जवळ. आता संध्याकाळी हवामान, बाजारभाव आणि लोकांच्या फर्माइशी सगळं मला पायांतून ऐकू येतं. त्यांची आवड भिकार आहे, पण चाक थोडं लांब जातं.

वर वाचून बघितलं. "कारखान्याबाहेर सांगितलेला" असं मी लिहून गेले. त्यावरून वाटेल की कारखान्यात सांगितलं आहे. नाही सांगितलेलं. खोडाखोड करायची नाही म्हणून तसंच ठेवते.

तुला आठवत असेल, ताटली डाव्या हाताच्या बोटांवर तोलायची, डाव्या कानाशी न्यायची आणि उजव्या हातातल्या काठीनं कडेला ठोका द्यायचा. तुलाही मीच शिकवलं. आता मी हात बदलले आहेत. ताटली उजव्या हातात, उजव्या कानाशी. एकतीस वर्षांची सवय मोडायला आठवडा पुरत नाही. सोमवारी तीन ताटल्या फोडल्या. सगळ्या टेबलांवरची टकटक थांबली. माझ्या हातून शेवटची ताटली फुटली तेव्हा तुझं लग्न व्हायचं होतं.

उजवा कान शाबूत आहे. काम चालू आहे. चाक मधे येतं, इतकंच.

मागच्या पत्रात चार प्रश्न होते. चारही नको असतील तर एकाचं उत्तर दे.

थोरली


३० जानेवारी

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. अख्ख्या कार्डावर एकच शब्द : "उजवा."

पोस्टमास्तर म्हणाले, एवढ्या शब्दाला कार्ड म्हणजे चैन आहे. मी त्यांना गप्प केलं आणि वर आले.

पहिल्यांदा राग आला, हे कबूल करते. चार प्रश्न विचारले आणि ही बया एक शब्द टाकते, तोही टिंब देऊन. भाजी चिरायला घेतली. अर्धी चिरून झाली आणि सुरी तशीच ठेवली.

कारखान्यात टेबलाशी तू माझ्या डाव्या बाजूला बसायचीस. म्हणजे तुझी उजवी बाजू माझ्याकडे.

मी दोन स्टुलं स्वयंपाकघरात शेजारी शेजारी मांडली, माझ्या स्टुलावर बसले आणि तुझ्या स्टुलाकडे तोंड करून नेहमीच्या आवाजात म्हटलं, "आधी बशांचा ढीग घे." मग उठून तुझ्या स्टुलावर बसले आणि विचार केला की हे वाक्य कुठं आलं असतं. जिथं रातकिडा होता तिथंच. त्यात मागे भट्टीचे पंखे, चौदा बायकांची टकटक.

तो सबंध महिना मी तुझ्याशी त्याच बाजूनं बोलले. तू हलायची नाहीस. मी पुन्हा सांगायची नाही. सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायचं नाही हा माझा नियम, तुला माहीत आहे. मला वाटलं, तुला माज आला आहे, बहीण हेड आहे म्हणून सूचना मानत नाहीस. आणि तू जेव्हा सांगितलंस की कानात रातकिडा ओरडतो आहे, ताटलीचा आवाज त्याच्यात बुडतो, तेव्हा मी काय म्हटलं तेही लिहून टाकते. आपल्या दोघींनाही ते पाठ आहे. मी म्हटलं, "रातकिड्याला सांग, शिफ्ट संपेपर्यंत गप्प बस." चौदाच्या चौदा हसल्या. मीही हसले. माझा विनोद क्वचित होतो, त्यामुळे तो जास्त चालला.

तुझ्याविरुद्ध साहेबांना दिलेल्या माझ्या तक्रारीत दोन ओळी होत्या. एक, तडे गेलेल्या सोळा ताटल्या पास केल्या. दोन, सूचना पाळत नाही. पहिली ओळ मी मागे घेणार नाही. ताटल्या तडकलेल्या होत्या, खाली पास केल्याचा पिवळा ठिपका तुझा होता, आणि तडकलेली ताटली गरम रश्शासकट कुणाच्या तरी मांडीवर फुटते. दुसरी ओळ खोटी होती. ती मी मागे घेते. नऊ वर्षांनी घेऊन काय उपयोग, असं तू म्हणशील. म्हण.

विनोदाचं काय करायचं ते मला कळत नाही. तो मागे घेता येत नाही.

आता माझं ऐक. मला वाटलं होतं, उजवा कान पुरेल. पुरत नाही. आवाज येतो, पण त्याचं शेपूट चाकाखाली जातं, आणि खणखणीत की बद्द ते शेपटातच असतं. म्हणून मी आता बोटांनी ऐकते. खरंच. चांगली ताटली ठोका दिल्यावर बोटांच्या टोकांवर मुंग्यांसारखी थरथरते, मनातल्या मनात चार म्हणेपर्यंत. तडकलेली दोनमध्येच मरते. इतकी वर्षं हे बोटांत होतं आणि मी कधी त्याच्याकडे बघितलं नाही.

पण बोटांनी सगळं कळतं का, ते मी कुणाकडून तपासून घेतलेलं नाही. कारखान्यात कुणाला सांगितलेलं नाही. मोठी ऑर्डर संपली की सांगेन.

ताई


५ फेब्रुवारी

धाकटे,

सांगितलं. कसं, ते लिहिते, कारण ते तुलाच लिहायला हवं.

सोमवारी एका हॉस्टेलच्या खानावळीकडून बावीस वाडगे परत आले. गरम सूप ओतल्यावर उभे चिरत गेले. एका मुलीच्या मनगटावर सांडलं. फोड आले, जास्त काही नाही. वाडग्यांच्या बुडाला निळा ठिपका होता. निळा माझा.

नवे साहेब (सात वर्षं झाली येऊन, अजून नवेच) खोकं घेऊन आमच्या टेबलाशी आले. खोक्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि माझ्या डाव्या बाजूच्या बाईकडे वळले. तिला आम्ही लांबडी म्हणतो. उंच आहे, मान वाकवून काम करते. तू कारखान्यातून गेलीस त्यानंतर तुझ्या जागेवर तीच आली. तिचा ठिपका हिरवा.

साहेब तिला म्हणाले, "बाईंची शाई तुम्ही कशाला वापरली?"

लांबडी म्हणाली, "मी नाही वापरली."

"मग निळ्या ठिपक्याखाली तडा कसा येईल? एकतीस वर्षांत आलेला नाही."

धाकटे, वाडगे समोर होते, ठिपका समोर होता, आणि तरी त्यांना खरं वाटेना. माझ्या कानावर त्यांचा इतका विश्वास की डोळ्यांवर उरला नव्हता. लांबडी माझ्याकडे बघत होती. मी काठी उचलली आणि पुढची ताटली वाजवली. दुपारी दोन ते साडेपाच. साडेतीन तास मी ताटल्या वाजवल्या आणि माझ्या शेजारी ती बाई चुकीची शिक्षा डोक्यावर घेऊन बसली होती. हे मी तुला सांगते आहे, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

संध्याकाळी घरी आले, रेडिओ चालू होता, काही ऐकू आलं नाही. चाक एवढं मोठं कधीच नव्हतं. मी खुर्चीत बसून बोटांवर मोजलं. तुझे सोळा नग परत आले होते तेव्हा खोकं उघडल्यापासून जुन्या साहेबांच्या टेबलावर तक्रार ठेवेपर्यंत मला अर्धा तास लागला होता. त्यातली दहा मिनिटं चांगलं पेन शोधण्यात गेली. स्वतःच्या वेळी? उद्या सांगितलं तरी मंगळवार ते मंगळवार, अठ्ठावीस दिवस.

काल सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मी टेबलाशी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "वाडगे माझे होते. महिनाभर माझा डावा कान गेलाय. कानात सारखं चाक फिरतं. मी लपवलं." मग कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. दोन ओळी. एक, तडे गेलेले बावीस वाडगे पास केले. दोन, वेळेवर कळवलं नाही.

कुणी हसलं नाही. मी वाट बघत होते. हसायला हवं होतं, असं नाही. पण मी हिशेब लावून ठेवला होता की कुणी हसलं तर ते तुझ्या वाट्याचं.

साहेब कागद उलटासुलटा करत म्हणाले, "बाई, हे फाडून टाकू का?"

मी म्हटलं, "फाडलात तर मी दुसरा लिहीन. अक्षर माझं चांगलं आहे, मला त्रास नाही."

बाहेर आले तर लांबडी जिन्यापाशी उभी. तिची माफी मागितली. मला ते नीट जमत नाही, ऑर्डर दिल्यासारखं होतं. ती खाली बघत म्हणाली, "बाई, महिनाभर मी तुमच्याशी बोलतेय. तुम्ही उत्तरच देत नव्हता. मला वाटलं, माझं काही चुकलं."

डाव्या बाजूनं बोलत होती ना ती.

मी तिला म्हटलं, "उद्यापासून उजवीकडे बस."

एक सांगायचं राहिलं. लांबडी आली तेव्हा शाईच्या बाटल्यांत फक्त पिवळी कुणाच्या नावावर नव्हती. मी स्टोअरमधून हिरवी मागवली. पिवळी माझ्या खणात आहे. नऊ वर्षांत तो रंग कुणाला दिला नाही. कारण विचारू नकोस, मलाही नीट माहीत नाही.

ताई


२१ फेब्रुवारी

ठमे,

आठ पानं. कार्डावर एक शब्द, आणि मग आठ पानं पाठपोट. तुला मधलं काही येतच नाही. लहानपणी जेवायचीसही तशीच.

तीन वेळा वाचली. शुद्धलेखन होतं तसंच आहे. पण ते जाऊ दे.

रातकिडा अजून आहे हे वाचून वाईट वाटलं. आणि खरं सांगू, बरंही वाटलं. नऊ वर्षं तो तिथं आहे, तरी तू उठतेस, कामावर जातेस, लेकीशी भांडतेस, नवऱ्याला हसतेस. म्हणजे माझंही होईल. लाँड्रीतली नोकरी तू मशीनच्या घुमण्यासाठी धरलीस, हे मला कधी सुचलं नसतं. त्या घूं घूंमध्ये दिवसभर रातकिडा ऐकूच येत नाही, आणि आता चादरींच्या विभागाची हेड तू. एका चादरीची घडी वाकडी आली म्हणून तू एकीला परत करायला लावलीस, हे तू मोठ्या अभिमानानं लिहिलं आहेस. मी काही बोलत नाही. रक्त एकच.

तू लिहितेस की तक्रारीचा राग तुला कधी नव्हता, ताटल्या तडकलेल्या होत्या हे तुलाही माहीत होतं. राग हसण्याचा होता. मला वाटलंच होतं. आणि आई गेली तेव्हा तू एकटीच दोन दिवस येऊन गेलीस, आपण दोघी फक्त चादरी कुठं आहेत आणि चहा किती जणांचा एवढंच बोललो, तेव्हाही तू माझ्या डावीकडेच बसली होतीस. आता मी हे सगळीकडे मोजत बसते.

सातव्या पानावर तळाशी तू लिहिलंस, "ताई, तुझ्या धारवाल्याला सांग, शिफ्ट संपेपर्यंत गप्प बस." ते वाचून मी हसले. एकटीच, मोठ्यानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. खाली पोस्टमास्तरांनी रेडिओ बारीक केला आणि जिन्यातून ओरडून विचारलं, "बाई, हे हसणं आहे की दुसरं काही?" म्हटलं, हसणंच आहे, रेडिओ मोठा करा.

माझं आता असं आहे. साहेबांना मी टेबलावरच हवी होते. म्हणाले, बोटांनी तपासा, कमी तपासा, पण जागा सोडू नका. मी म्हटलं, आधी परीक्षा घ्या. लांबडीनं शंभर ताटल्या मांडल्या. त्यात बारा तडकलेल्या मिसळल्या, कुठल्या ते फक्त तिला ठाऊक. मी डोळे मिटून, नुसत्या बोटांवर, अकरा काढल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, "बघा, अकरा. इथं कानवाल्याही अकराच काढतात."

मी विचारलं, "बारावी कुठं आहे?"

लांबडीनं पास झालेल्या ढिगातून ती काढून माझ्या हातात दिली. अजिबात दिसत नव्हतं काही. मी म्हटलं, "ही कुणाच्या तरी मांडीवर फुटणार होती." आणि काठी खाली ठेवली.

टेबलाची हेड आता लांबडी. मी झिलईच्या विभागात, खिडकीजवळ. भांडं उजेडात फिरवून बघायचं, टाचणीएवढं भोक, बुडबुडा, केसाएवढी रेघ. त्याला डोळे लागतात, आणि ते माझे अजून शाबूत आहेत. आठवड्यातून दोन दिवस नव्या बायकांना वाजवायला शिकवते. आधी कापसाचे बोळे कानात घालायला लावते आणि बोटांनी ओळखायला सांगते. त्या कुरकुरतात. एकीनं काल शंभरातल्या बारापैकी नऊ काढल्या, तिला वाटलं मी शाबासकी देईन. मी म्हटलं, बरं आहे. घरी येताना मात्र मी रस्ताभर खूश होते.

काम पूर्वीएवढं मोठं नाही. पण खिडकीजवळ ऊन येतं, साडेदहा ते बारा. एकतीस वर्षं मी त्या इमारतीत होते आणि तिथं ऊन येतं हे मला माहीत नव्हतं.

चाक फिरतंच आहे. थोडं लांब गेलं आहे, दोन गल्ल्या पलीकडे म्हण. कधी कधी लक्षात येतं की तासभर त्याची आठवणच नव्हती. आठवण आली की लगेच हजर, जणू धारवाला दारामागे उभाच होता. पूर्वी मी त्याच्यावर चिडायची. आता म्हणते, आलास का, बस.

तू लिहितेस की बघू, कधी जमलं तर येईन. हे असलं "बघू" मला कळत नाही. तारीख कळव.

ताई


१२ मार्च

ठमे,

तारीख मिळाली. रविवारी सकाळी दहा चाळीसची गाडी, भाची बरोबर, दोन रात्री. नोंद केली.

स्टेशनावर मी येईन. गाडीतून उतरल्यावर जागेवरच थांबा, शोधत फिरू नका. गर्दीत मला डाव्या बाजूनं हाक मारू नकोस, मी वळणार नाही आणि तू पुन्हा नऊ वर्षं रुसशील. समोर येऊन उभी राहा. पोरीला माझा चेहरा आठवत नसेल, तर सांग की जिच्या कपाळावर आठी असेल ती मावशी.

पोस्टमास्तरांनी विचारलं, पाहुण्यांसाठी रेडिओ बंद ठेवू का. मी सांगितलं, मुळीच नाही, येणारीलाही तो लागतो. तेव्हा ते म्हणाले, "अख्खं खानदानच तसलं." त्यांना रविवारी चहाला बोलावलं आहे. बोलणं आवरतं घ्या असंही सांगितलं आहे.

पिवळी शाई अजून ओली आहे. झाकण उघडून बघितलं. पोरीला बघायला देऊ, आईचा ठिपका कुठला ते.

आता महत्त्वाचं. स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला लावलेलं होतं, म्हणजे एकाच बाजूनं बसता यायचं. एकटीला तेवढं पुरे होतं. काल मी आणि पोस्टमास्तरांनी ते ओढून मधे घेतलं. लिहिलेलं बरं, म्हणून लिहिते. माझा डावा कान गेलेला, तुझा उजवा. तेव्हा मी डावीकडे बसणार आणि तू माझ्या उजवीकडे. म्हणजे माझा चांगला कान तुझ्याकडे आणि तुझा चांगला कान माझ्याकडे. मी दोन स्टुलं मांडून पुन्हा तपासलं, बरोबर येतं. कारखान्यात आपण बरोबर उलट्या बसायचो. पोर समोर बसेल, तिचे दोन्ही चालतात.

उजव्या बाजूची खुर्ची तुझी. तिचा एक पाय आखूड आहे, खाली पुठ्ठ्याची घडी घातली आहे. ती हलवू नकोस.

ताई